घाटघर: दुपारचं ऊन संध्याकाळी देणारं यंत्र

अकोले तालुक्यातलं घाटघर म्हणजे सह्याद्रीची ऐन धार. इथला पाऊस प्रवरेतून गोदावरीला मिळतो. कड्याखालचा शहापूर तालुक्यातून अरबी समुद्राकडे जातो. दोन्ही बाजूंना एकेक धरण, मध्ये सुमारे 400 मीटरची उंची आणि भूगर्भात वीजघर. त्यात 125 मेगावॅटचे दोन संच. वीज हवी तेव्हा वरचं पाणी खाली येऊन संच फिरवतं. वीज उरली की तेच संच उलटे फिरून पाणी वर चढवतात. चढवायला लागलेल्या विजेपैकी साधारण तीन चतुर्थांशच परत मिळते.

तरीही हा सौदा परवडतो, कारण तारांमध्ये वीज साठत नाही. वापर आणि निर्मिती यांचा मेळ देशभराच्या जाळ्यात क्षणोक्षणी राखावा लागतो; तो बिघडला की वारंवारिता 50 हर्ट्झवरून ढळते. दुपारी राजस्थान-गुजरातचे सौर प्रकल्प भरभरून वीज देतात. तिला वाट करून द्यायला औष्णिक केंद्रांनी खाली यायचं, पण 55 टक्क्यांखाली जाणं त्यांना जड जातं. मग कधी कधी सौर वीजच नाकारावी लागते आणि दिवेलागणीला तिचीच उणीव भासते. हे नुकसान खरोखर जिव्हारी लागणारं आहे.

घाटघर 2008 मध्ये सुरू झालं, तेव्हा देशात सौर वीज नावापुरतीच होती. रात्रीची उरलेली वीज वापरून पाणी चढवायचं, हे अशा उदंचन प्रकल्पांचं मूळ गणित. आता उरते ती दुपारची.

पाण्याची चपळाई 5 एप्रिल 2020 ला दिसली. पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊला नऊ मिनिटं घरांतले दिवे मालवले गेले आणि देशाची मागणी 31 हजार मेगावॅटहून अधिक घसरली. जलविद्युत केंद्रांनी निर्मिती साडेसतरा हजार मेगावॅटने झटपट उतरवली आणि पुन्हा चढवली. जाळं कोसळलं नाही.

वाऱ्यापुढे मात्र घाटघरचा इलाज तोकडा. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्यांचा खरा हंगाम पावसाळ्याचा. काही तासांचं पाणी साठवणारा जलाशय ती वीज उन्हाळ्यापर्यंत कशी पुरवणार?

तरी रोजच्या संध्याकाळसाठी असे प्रकल्प आणखी हवेत. टाटा पॉवरने 2023 मध्ये भिवपुरी आणि शिरवटा इथल्या मिळून 2800 मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. भिवपुरीला जलविद्युत केंद्र 1922 पासून आहे. जिथे धरण आणि रस्ते आधीच आहेत, तिथूनच सुरुवात व्हावी. पश्चिम घाटातलं अस्पर्श रान त्यासाठी बुडवू नये.