इंग्रजी संयुक्त विशेषणांतील अक्षरविभागणी आणि आघात

दोन शब्दांच्या जोडणीतून बनलेल्या इंग्रजी विशेषणाला संयुक्त विशेषण म्हणतात, उदा. ओल्ड-फॅशन्ड, लेफ्ट-हँडेड, सेकंड-हँड. अशा शब्दात मुख्य आघात कोणत्या घटकावर पडतो, हे शब्दाच्या रचनेवर आणि वाक्यातील स्थानावर अवलंबून असते. (येथे 'अक्षर' म्हणजे लिपीतील चिन्ह नव्हे, एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिगट.)

अक्षरे पाडताना दोन घटकांमधील सीमा सहसा कायम राहते. शेवटचा '-ed' हा प्रत्यय 'ट' किंवा 'ड' या ध्वनीनंतर आला तर त्याचे स्वतंत्र अक्षर होते, एरवी सहसा होत नाही. म्हणून लेफ्ट-हॅन्-डिड आणि ओल्ड-फॅ-शन्ड ही दोन्ही विशेषणे तीन अक्षरांचीच आहेत. 'फॅशनेड' असा चार अक्षरी उच्चार केवळ लेखनावरून होतो.

ब्लॅकबर्ड, ग्रीनहाउस यांसारख्या संयुक्त नामांत आघात बहुधा पहिल्या घटकावर असतो. विशेषण अधिक नाम अशा जोडीला हा प्रत्यय लागून बनलेल्या विशेषणांत मात्र तो दुसऱ्या घटकावर जातो: बॅड-ˈटेंपर्ड, ओल्ड-ˈफॅशन्ड. (ˈ हे चिन्ह आघातयुक्त अक्षराच्या आधी येते.)

हा आघात स्थिर नसतो. 'गाडी सेकंड-हँड आहे' या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात, विशेषण शेवटी असताना, जोर 'हँड'वर असतो. पण 'सेकंड-हँड कार' म्हणताना तो 'से'वर सरकतो. दोन जोरदार अक्षरे लागोपाठ येणे इंग्रजीची लय टाळते, हे त्यामागील कारण. क्रिकेटच्या समालोचनात 'लेफ्ट-हँडेड बॅट्समन' ऐकताना 'लेफ्ट' ठळक वाटतो, तोही याच सरकण्यामुळे.

होमसिक, हार्ट-ब्रेकिंग, टाइम-कन्झ्यूमिंग यांत आघात पहिल्याच घटकावर असतो. मात्र नामाने सुरू होणारे प्रत्येक विशेषण असे नसते. ड्यूटी-ˈफ्री हे त्याचे उदाहरण. त्यामुळे केवळ नियमावर विसंबणे धोक्याचे ठरते.

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही आणि देवनागरी लेखनात तो दाखवलाही जात नाही. साहजिकच मराठी भाषक सर्व अक्षरे जवळपास सारख्या जोराने उच्चारतात. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला, जे. सी. वेल्स यांच्या नंतरच्या कोशात आघात सरकू शकणाऱ्या शब्दांपुढे वेगळी खूणही दिलेली आढळते.