दृष्टिहीनांचें ध्वनिसंपादन

ध्वनि हा कानाचा विषय. तेव्हां ध्वनिमुद्रण कापण्या-जोडण्याच्या कामांत डोळस आणि अंध असा भेद उरूं नये, असें कोणासही वाटेल. पूर्वीं हें काम फितीवर चाले. संपादक फीत हातानें मागेंपुढें सरकवून कानानें जागा हेरी, पेन्सिलीनें खूण करी आणि पात्यानें ती कापी. पुढें संगणक आला आणि तोच ध्वनि पडद्यावरील चित्र बनला. उंचसखल रेषांकडे पाहावयाचें आणि माऊसनें हवा तो भाग निवडावयाचा, अशी रीत पडली. दृष्टिहीन मनुष्य संगणक वापरतो तो बहुधा स्क्रीन रीडर नांवाच्या साधनाच्या आधारें. हें साधन पडद्यावरील अक्षरें बोलून दाखवितें. परंतु रेषांच्या चित्रांत नेमका शब्द कोठें आहे, हें तें सांगूं शकत नाहीं. कानाच्या कामांत डोळ्याची अट शिरली ती अशी.

ही अट खरोखर आवश्यक आहे काय? भिवंडी हें यंत्रमागांचें शहर. तेथें धामणकर नाक्याजवळच्या एखाद्या खोलींत कोणी दृष्टिहीन तरुणी गोष्टींचें वाचन मुद्रित करीत आहे, असें समजा. दूरच्या मागांची एकसारखी घरघर त्यांत उमटणारच. ऑडॅसिटी या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्यें तिनें स्पेसची कळ दाबून मुद्रण ऐकावें. केवळ घरघर ऐकूं येते तेथें डाव्या चौकोनी कंसाची कळ दाबून आरंभ आणि उजव्या कंसाची दाबून शेवट ठरवावा. एवढा नमुना दिला कीं सॉफ्टवेअर सबंध मुद्रणांतील घरघर कमी करतें. सुटे ठोके मात्र या उपायानें जात नाहींत. चुकलेला शब्दही असाच निवडावा. सी ही कळ दाबली कीं तो गाळल्यावर वाक्य कसें वाटेल तें आधींच ऐकतां येतें. डोळ्याचें काम येथें कोठेंच पडलें नाहीं.

ही सोय आपोआप होत नसते. बटणास नांव दिलें नसेल तर स्क्रीन रीडर नुसतें 'बटण, बटण' म्हणत राहतो. म्हणून प्रत्येक बटणास नांव हवें, प्रत्येक क्रिया कळफलकावरून होणारी हवी, आणि काय निवडलें तें शब्दांत कळावयास हवें. सांगणें थोडक्यांत असावें, कारण मुद्रणाचा आवाज आणि वाचकाचा आवाज एकाच कानांत पडतात. मुद्रणाच्या वेळीं हेडफोन लावावा, नाहींतर स्क्रीन रीडरचें बोलणेंही मुद्रित होतें.

हीं साधनें घडविण्यांत दृष्टिहीनांचाच मोठा हात आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोघां अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनीं एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर उभारला. त्याचें काम २००६ सालीं सुरू झालें. पुढें टेह यांनीं रीपर या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरसाठीं ओसारा हें पूरक साधन रचण्यास आरंभ केला.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें माहिती-तंत्रज्ञानाची सुगम्यता मान्य केली आहे. पण कायद्याचा खरा अर्थ कामाच्या जागीं कळतो. शेवटचा काप घेण्यास दुसऱ्याची वाट पाहावी लागली, तर मजुरींतला वांटा जातो आणि वेळेवर काम देण्याचा शब्दही मोडतो. सॉफ्टवेअर रचणाऱ्यानें पडदा बंद ठेवून आपलेंच साधन एकदां वापरून पाहावें; पुढच्या सुधारणेंत काय करावयाचें तें त्याला निराळें सांगावें लागणार नाहीं.