मूल हरवतें तेव्हां

ता. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं जें घडलें तें खानदेशानें विसरूं म्हटलें तरी विसरतां येणार नाहीं. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे अशी आवई मोबाइलवरून पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच इसम मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत तेथें आले, आणि जमावानें त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडून ठार मारलें. त्या पांचांनीं कोणाचेंहि मूल पळविलें नव्हतें!

आईबापांची भीति खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. भुसावळसारखें जंक्शन ज्या मुलखांत आहे, तेथून चुकलेलें मूल कांहीं तासांत मुंबईस, नागपुरास किंवा सुरतेस पोंचूं शकतें. म्हणूनच पहिला तास मोलाचा, आणि तो अनोळखी भिक्षेकऱ्यास दटावण्यांत घालविणें म्हणजे शुद्ध आत्मघात होय. मे २०२३ मध्यें दानापूर-पुणें गाडींतून बिहारचीं ५९ मुलें भुसावळ व मनमाड येथें उतरविण्यांत आलीं, बरोबरच्या शिक्षकांना अटकहि झाली. पुढें मार्च २०२४ मध्यें तो गैरसमज ठरून प्रकरण मिटलें. मुलांचे व शिक्षकांचे हाल झाले हें खरेंच. परंतु संशय कागदावर असल्यामुळें चूक उघडकीस तरी आली. राईनपाड्यास तेवढीहि सवड कोणीं ठेविली नाहीं.

चोवीस तास गेल्याखेरीज पोलिस तक्रार घेत नाहींत, ही समजूत आमच्या पेठांतून अद्याप ऐकूं येते. ती सर्वस्वीं चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयानें ता. १० मे २०१३ च्या आदेशानें हें स्पष्ट केलें आहे कीं, मूल हरवल्याची तक्रार येतांच गुन्हा नोंदवावा व मूल पळविलें गेलें आहे असेंच प्रथम गृहीत धरावें. हद्दीची सबबहि चालत नाहीं. मूल अमळनेरास चुकलें आणि बाप जळगांवीं असला, तरी जवळच्या ठाण्यानें फिर्याद घेतलीच पाहिजे. चार महिन्यांत शोध न लागल्यास तपास मानवी वाहतूकविरोधी पथकाकडे जातो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक व ११२ हा तातडीचा क्रमांक, हे दोन्ही दुकानाच्या गल्ल्याजवळ लिहून ठेवावे.

मुलगी हरवली असतां मात्र कायद्याच्या आड अब्रू येते. चार दिवस नातेवाइकांकडे गुपचूप चौकशी चालते, शेजाऱ्यांस "मामाकडे गेली" असें सांगितलें जातें, आणि फसवून नेणाऱ्यास चार दिवसांची मोकळीक मिळते. ज्या अब्रूसाठीं पोटच्या पोरीचा जीव पणास लावावा लागतो, तिला अब्रू हें नांव देण्यास आम्ही तयार नाहीं.

तयारी फार मोठी नाहीं. मुलाचा गेल्या सहा महिन्यांतला फोटो, उंची, अंगावरची खूण, आज कोणते कपडे घातले, हें आईबापांना विचारतांच सांगतां यावें. मुलास स्वतःचें पुरें नांव, गांव, तालुका व घरचा फोन तोंडपाठ असावा. अहिराणीच बोलणारें पोर सुरतेच्या फलाटावर सांपडलें तर तें काय बोलतें हें पुष्कळांना उमगणार नाहीं, याचा विचार आम्हां खानदेशकरांनीं विशेष करावा. आणखी एक गोष्ट कटु आहे, पण सांगितली पाहिजे: कांहीं मुलें पळविलीं जात नाहींत, तीं घरांतून पळतात. परीक्षेंत मार्क कमी पडल्यावर ज्या घरांत पट्टा निघतो, त्या घरानें बाहेरच्या टोळ्यांची चिंता मागाहून करावी.

दुकानाच्या पायरीवर रडणारें मूल दिसल्यास व्यापाऱ्यांनीं त्याला खाऊ देऊन वाटेला लावूं नये. सांपडलेल्या मुलाची खबर चोवीस तासांच्या आंत देणें २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानें बंधनकारक आहे. कार्तिकी एकादशीस जळगांवीं श्रीरामाचा रथ निघतो, चैत्रांत धुळ्यास एकवीरादेवीची यात्रा भरते. दोन्हीकडे गर्दींत हात सुटतो. दोन्ही ठिकाणच्या व्यवस्थापकांनीं, नगरांतील व्यापारी मंडळांच्या खर्चानें, दुरून दिसेल असा एक उंच मंडप हरवलेल्या मुलांसाठीं उभारावा, तेथें अहिराणी जाणणारी एक बाई बसवावी, आणि त्याची जागा यात्रेच्या आदल्या दिवशीं शाळाशाळांतून मुलांना सांगावी.