विश्वस्त कायद्याचं पुस्तक घेताना

कोल्हापुरात वकिली शिकणाऱ्या मुली आम्हाला विचारतात, ‘समन्याय, म्हणजे इक्विटी, आणि विश्वस्त कायदा या विषयाला पुस्तक कोणतं घ्यावं?’

आधी अनुक्रमणिका बघा. समन्यायाची तत्त्वं इंग्लंडच्या न्यायालयांतून आली. ती समजून घ्यायला तिकडचं पुस्तक चालेल, पण तेवढ्यावर भागणार नाही. आपल्याकडे खासगी न्यासाला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागतो. देऊळ, शाळा, धर्मादाय दवाखाना अशा सार्वजनिक न्यासांना १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागतो. पुस्तकात दोन्ही हवेत.

मग आवृत्ती तपासा. जुन्या पुस्तकांत याच १९५० च्या कायद्याच्या नावात ‘मुंबई’ असतं. शिवाय २०१७ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. दुकानातच कलम २२ काढा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कळवायचं. सबळ कारण असेल तर खर्च भरून मुदत वाढवून मिळू शकते. ही सवलत २०१७ ची. ती पुस्तकात नसेल तर ते परत ठेवा, कितीही स्वस्त असो.

एवढी चिकित्सा परीक्षेपुरती नाही. उद्या तुम्हीच एखाद्या संस्थेच्या विश्वस्त व्हाल. जागा विकण्याचा ठराव सहीसाठी पुढे येईल. त्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे कलम ३६ माहीत असेल, तर तुम्ही पेन खाली ठेवून आधी परवानगीचा कागद मागाल.