एकाच तारेतून संदेश आणि वीज

ज्या शाळांत वायफायचे यंत्र व आवारावर लक्ष ठेवणारे कॅमेरे बसविलेले आहेत, तेथे या साधनांना परस्परांशी जोडणारी एक लहानशी पेटी असते. तिला नेटवर्क स्विच म्हणतात. काही स्विच केवळ संदेशांची ने-आण करतात. काही मात्र त्याच तारेतून साधनांना वीजही पुरवितात. या दुसऱ्या पद्धतीस ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ अथवा संक्षेपाने ‘पीओई’ असे नाव आहे. पुष्कळदा नवा कॅमेरा जोडला की वायफाय बंद पडते, आणि यंत्र बिघडले अशा समजुतीने शाळेचा तुटपुंजा सादिल दुरुस्तीवर खर्ची पडतो. अशा वेळी दोष यंत्राचा नसून वीजवाटपाचा असण्याचा संभव असतो. म्हणून हे वाटप शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

इथरनेटच्या तारेत आठ बारीक तारांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. त्यांतून सुमारे ४४ ते ५७ व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह पाठविला जातो. तारेची लांबी १०० मीटरहून अधिक नसावी. प्रमाणित स्विच प्रथम अल्प दाब लावून पलीकडे वीज घेणारे साधन आहे काय, याची चाचपणी करतो. सुमारे २५ किलो-ओहमचा ठराविक रोध आढळला तरच पूर्ण दाब सोडतो. त्यामुळे त्या पोर्टला साधा संगणक जोडला तरी त्यास अपाय होत नाही. ‘पॅसिव्ह’ म्हणून मिळणारी काही साधने मात्र ही चाचपणी न करताच वीज सोडतात. ती भलत्या यंत्रास जोडू नयेत.

२००३ साली ठरलेल्या प्रमाणानुसार एका पोर्टमधून १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते. २००९ मध्ये ही मर्यादा ३० वॅट, तर २०१८ मध्ये ९० वॅटपर्यंत वाढली. तारेत काही वीज उष्णतारूपाने नष्ट होत असल्याने १५.४ पैकी साधनाच्या वाट्यास १२.९५ वॅट येतील, असे धरतात.

येथे मुख्य गोष्ट ही की, प्रत्येक पोर्टची मर्यादा निराळी आणि संपूर्ण स्विचची एकूण मर्यादा निराळी. पाटाला पाणी असते तेवढेच असते. चाऱ्या अधिक खोदल्या म्हणून ते वाढत नाही. समजा, स्विचची एकूण शक्ती ६५ वॅट आहे. वायफायच्या यंत्रासाठी ३० व दोन कॅमेऱ्यांसाठी प्रत्येकी १५.४ वॅट राखले, तर बेरीज ६०.८ होते व काम चालते. तिसरा कॅमेरा जोडताच मागणी ७६.२ वॅट होते. वीज जाऊन परत आल्यावर तिन्ही कॅमेऱ्यांचा वाटा आधी राखला गेला, तर केवळ १८.८ वॅट उरतात आणि वायफाय उपाशी राहते.

यावर उपाय स्विचच्या व्यवस्थापन-पानावर असतात. मात्र ही सोय असलेलाच स्विच घेतलेला असावा.

पहिला उपाय अग्रक्रमाचा. अध्यापनास लागणाऱ्या साधनाच्या पोर्टला वरचा क्रम द्यावा. वीज अपुरी पडल्यास खालच्या क्रमाचे पोर्ट प्रथम बंद होतात.

दुसरा, पोर्टनिहाय मर्यादेचा. वरील कॅमेऱ्यांना १० वॅट पुरत असतील व तशी मर्यादा घातली, तर एकूण मागणी ६० वॅटवर येते. रात्रीचे दिवे लागल्यावर कॅमेरा अधिक वीज घेतो, हे मर्यादा ठरविताना विसरू नये.

तिसरा, दुरून चालू-बंद करण्याचा. अडखळलेले यंत्र शिडीवर न चढता त्याच्या पोर्टची वीज क्षणभर थांबवून पुन्हा सुरू करता येते.

तार शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध अधिक असल्याने ती अधिक तापते. उघड्यावरून नेलेल्या तारेस वीजसंरक्षक व भूयोजन यांची जोड तज्ज्ञाकडून करवून घ्यावी.

जडवस्तुसंग्रह नोंदवहीत साधनाची नोंद करतानाच त्याचा पोर्ट क्रमांक व कमाल वॅट एका तक्त्यात लिहून तो स्विचजवळ लावावा. नवे साधन मागविण्यापूर्वी या तक्त्याची बेरीज करून पाहावी. एवढी साधी बेरीज केल्याने ऐन तासाचा खोळंबा आणि अनाठायी खर्च, दोन्ही टळतील.