पट्ट्याला अडवणारी चकती

युरोपात ५० सीसीच्या मोपेड स्कूटरला ताशी ४५ किलोमीटरची मर्यादा आहे. अनेक गाड्यांत ती राखते धातूची एक साधी चकती. इंजिन जोरात फिरू लागलं की व्हेरिएटरमधले, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या पुलीतले, रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि पट्टा त्यांच्या कडेकडे चढतो. तसा गाडीचा वेग वाढतो. चकती तबकड्यांना पुरतं जवळ येऊ देत नाही. ती काढणं सोपं, म्हणून पोरांना मोह होतो. त्यांना दंडाची भीती घालण्यापेक्षा हिशेब दाखवावा: ४५चा वेग ७० झाला, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळपास अडीचपट होते. ब्रेक मात्र तेच! शिवाय मोपेडचा परवाना अपुरा पडतो आणि विम्याचंही अवघड होतं.