अंगाबरोबर बेतलेली होडी

इतर होड्यांत माणूस बसतो. कयाक नावाची चिंचोळी होडी मात्र तो जणू अंगात घालतो. ग्रीनलंडमधील इन्युइट शिकारी समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ही होडी बांधीत. ज्याची होडी, त्याच्याच शरीरावरून तिची मापे घेत. कारण ती उलटली, तर आत बसल्या बसल्याच सुलट करावी लागे. त्या हिमशीतल पाण्यात पडणे म्हणजे प्राणाशी गाठ!

आज डोंगरी नद्यांच्या खळाळात चालणारी कयाक बहुधा प्लॅस्टिकची असून कारखान्यात ठरावीक मापांत तयार होते. म्हणून ती आपल्या अंगाला बेतून घ्यावी लागते. प्रथम बैठक पुढेमागे सरकवून होडीचा तोल साधतात. नंतर तळपाय आधारावर टेकतील आणि गुडघे किंचित वाकलेले राहतील, अशा बेताने पायांचा आधार बसवितात. मांड्या वरच्या आधारांखाली नीट टेकवितात, कंबरेच्या दोन्ही बाजूंची पोकळी फोमच्या लहान गाद्यांनी भरतात आणि ताठ बसता येईल इतपत पाठीचा पट्टा आवळतात. मग कंबर हलविताच होडीही तशीच कलते.

होडी सैल असेल, तर उलटल्यावर माणूस बैठकीतून निसटतो व तिला सुलट करू शकत नाही. ती फार घट्ट असेल, तर पाय बधिर होतात आणि संकटकाळी बाहेर पडणे कठीण जाते. म्हणून प्रवाहात शिरण्यापूर्वी संथ पाण्यात, जाणकाराच्या देखरेखीखाली, होडी मुद्दाम उलटवून बाहेर पडून पाहतात. जी माणसाला घट्ट धरते आणि वेळ येताच चटकन सोडते, तीच होडी नीट बेतली असे समजावे.